कॅनडांतील बँकेचा चेक कसा वाचावा

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांपैकीं कित्येकांचे वडील बंधु अथवा भगिनी विद्येसाठीं किंवा नोकरीसाठीं कॅनडांत गेले असतील. तेथें पगार खात्यांत जमा व्हावा म्हणून मालक पुष्कळदां एक कोरा चेक मागतो व त्यावर आडवें ‘व्हॉइड’, म्हणजे रद्द, असें लिहावयास सांगतो. रद्द कागदाचा उपयोग काय, असें कोणासही वाटेल. उत्तर चेकच्या तळाशीं असलेल्या आंकड्यांच्या ओळींत आहे. म्हणून आम्ही तो तळापासून वाचणार आहों.

ही ओळ यंत्रास वाचतां यावी म्हणून चुंबकीय शाईनें छापलेली असते. डावीकडून प्रथम चेकचा अनुक्रमांक; मग शाखेचा पांच आंकडी क्रमांक, यास तेथें ‘ट्रॅन्झिट’ म्हणतात; मग बँकेचा तीन आंकडी क्रमांक, जसा रॉयल बँकेचा ००३; आणि शेवटीं खातेक्रमांक. पगार जमा करणारास यांपैकीं शेवटचे तीन पुरेसे होतात. म्हणून ‘व्हॉइड’ लिहितांना हे आंकडे झांकूं नयेत, आणि त्या चेकवर सही तर मुळींच करूं नये.

वरचा भाग मनुष्यासाठीं आहे. डाव्या कोपऱ्यांत देणाराचें नांव व पत्ता, उजवीकडे तारीख. तारखेची मौज अशी कीं, कॅनडांत दिवस आधीं लिहिणारे आहेत, तसे अमेरिकन वळणानें महिना आधीं लिहिणारेही आहेत. ०३-०४ म्हणजे तीन एप्रिल कीं चार मार्च? हा घोटाळा टाळण्यासाठीं तारखेखालीं डी, एम, वाय हीं अक्षरें छापलेलीं असतात. तीं पाहूनच तारीख लिहावी. सहा महिन्यांहून जुना चेक तेथील बँक सहसा वटवीत नाहीं. आपल्याकडे ही मुदत १ एप्रिल २०१२ पासून तीनच महिन्यांची आहे.

त्याखालीं घेणाराचें नांव, शेजारीं आंकडी रक्कम, व खालच्या ओळींत तीच रक्कम अक्षरीं. सेंट मात्र तेथेंही ५०/१०० असे अपूर्णांकांत लिहितात. आंकडे व अक्षरें यांत तफावत पडल्यास अक्षरें खरीं धरावीं, असा तेथील कायद्याचा दंडक आहे; आपल्या १८८१ च्या कायद्याचाही तोच. तेव्हां खरी जपणूक अक्षरी ओळींत हवी. ‘हंड्रेड’ या शब्दाच्या डावीकडे बोटभर जागा राहिली, तर तेथें ‘नाइन’ सहज बसतो! ओळ अगदीं कडेपासून सुरू करावी व उरलेल्या जागेवर रेघ ओढावी.

खालीं डावीकडे ‘मेमो’ असतो. त्यांत भाडें, फी वगैरे कारण आपल्या आठवणीसाठीं लिहावें. उजवीकडे सही, ती सर्व रकाने भरल्यावरच. भाड्यासाठीं कांहीं घरमालक वर्षभराचे पुढील तारखांचे चेक मागतात; परंतु ऑन्टॅरिओ प्रांतांत त्यांस तशी सक्ती करतां येत नाहीं. भाडेकरूनें आपखुशीनें दिले तर गोष्ट निराळी.