गाणाऱ्या पोरीची वही

काल तू आईला घेऊन आलीस. तुझं गाणं छानच झालं, पण रात्री माझ्या मनात घोळत राहिला तो तुझ्या आईचा प्रश्न. कपबशी खाली ठेवत त्या म्हणाल्या, "ताई, गाण्यावर हिचं भागंल का?" तुझी मान खाली गेली. लेकरा, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. सोयाबीनचा भाव आणि पावसाचा नेम बघत ज्या बाईनं संसार ओढला, ती हा प्रश्न विचारणारच. तुझ्या तोंडून तो आधी यायला हवा होता, असं मला वाटलं. काल घाईत नीट बोलता आलं नाही, म्हणून आज सांगते.

भागतं. मात्र एका झऱ्यावर भागत नाही. मी परभणीत राहून गाण्यावर घर चालवते, ते असं: शाळेत तासिका तत्त्वावर संगीत, संध्याकाळी घरी शिकवणी, सप्ताहांच्या दिवसांत भजन आणि साथ, लग्नसराईत मंगलाष्टकं, अधूनमधून आकाशवाणीचा कार्यक्रम. यातलं कुठलंही एक काढून घेतलं तर महिना लंगडतो. पितृपंधरवड्यात आणि पौषात लग्नं नसतात, तेव्हा शिकवणीच चूल पेटती ठेवते. म्हणून तू काल जे म्हणालीस, "ताई, मला शिकवायचं नाही, मला गायचं आहे," ते मला लागलं. शिकवणं म्हणजे हरलेल्या गायिकेचं काम, हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? नाथराव नेरळकरांसारखा गायक औरंगाबादला सरस्वती भुवन महाविद्यालयात संगीत शिकवत होता आणि मैफलही गाजवत होता. त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो शिकवणं सोडून दिल्यामुळे नव्हे. आठ वर्षांच्या पोराला "सा" लावायला शिकवताना आपला "सा" किती हलतो ते कळतं. मला तरी ते तिथेच कळलं.

आता पाया. तुझ्या गाण्याच्या दोनच परीक्षा झाल्या आहेत, पुढच्या सोडू नकोस. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्या परंपरेतल्या मंडळाच्या या परीक्षा. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत यायला सहा-सात वर्षं जातात. कागदाने गळा पिकत नाही, हे तुला मी सांगायला नको. पण शाळेत संगीत शिक्षकाची जागा निघाली की पहिल्यांदा विशारद आहे का तेच विचारतात. शिवाय दहावीच्या मुलांना शास्त्रीय कलेच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे आपल्याकडे शिकवणीला येणारी मुलं टिकतात. हेही पोटाचंच गणित आहे.

तुझं वय अठरा ते पंचवीसमध्ये आहे, तोवर केंद्र सरकारची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती डोळ्यांसमोर ठेव. महिन्याला पाच हजार, दोन वर्षं. गुरूकडे किमान पाच वर्षं शिकलेलं असावं लागतं. म्हणून कुणाकडे कधीपासून शिकतेस याची नोंद आणि गुरुजींचं पत्र आत्तापासून जपून ठेव. तुझा धाकटा भाऊ संबळ वाजवतो म्हणालीस ना? दहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती आहे आणि परंपरेने कला जपणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी तीत वेगळ्या जागा असतात. तुमच्यासारख्या गोंधळ्याच्या घरातल्या मुलाने हा अर्ज भरायलाच हवा. परभणीचं नाव लोककलेच्या अभ्यासकांना ठाऊक आहे ते गोंधळमहर्षी राजारामभाऊ कदमांमुळे. "आपल्याकडे काय आहे," असं तू पुन्हा म्हणू नकोस.

आकाशवाणीचंही तसंच. परभणीला केंद्र आहे आणि आपण मुंबईकडे बघत बसतो. सोळा वर्षं पूर्ण झाली की ध्वनिचाचणीला बसता येतं. श्रेणी मिळाली तर बी, मग बी हाय, मग ए, सगळ्यात वर टॉप. तो पगार नसतो, कार्यक्रमाचं मानधन असतं. पण श्रेणीचं पत्र हातात असलं की आयोजकाशी बोलताना आवाज आपोआप सरळ होतो. चाचणीला जाताना ऐकणाऱ्यांना चकित करायला म्हणून अवघड राग घेऊ नकोस. यमन, भूप, भीमपलास यांतला जो तुझ्या अंगात मुरला आहे तो गा.

आणि आता सप्ताह. आपल्या जिल्ह्यात गाण्याची खरी शाळा तीच. जनाबाईंच्या गंगाखेडची पोर तू, तुला हे वेगळं काय सांगू. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था जोग महाराजांनी १९१७ मध्ये काढली. तिथे चार वर्षं राहून आलेली मराठवाड्यातली किती मुलं आज गायनाचार्य, मृदंगाचार्य म्हणून उभी आहेत. मृदंग वाजवणारं पोर धुम्याला कणीक लावताना बघितलंस का कधी? एवढासा गोळा, पण जास्त झाला तर बोल बसका येतो, कमी झाला तर पोकळ. बोटाने चेपायचं, थाप मारायची, कान लावायचा, परत चिमूटभर काढायचं. काकड्याला अजून अंधार असतो, मंडपात बारीक दिवा असतो, आणि ते पोर कुणाकडे न बघता आपल्या कणकेशी बोलत असतं. तुझ्या गळ्याकडे तू इतक्या बारकाईनं बघतेस का, हे मला विचारायचं आहे.

कारण सप्ताहात मुलींचे गळे बसतात. पट्टी पुरुषांच्या गळ्याप्रमाणे ठरते, भोंगे कानाशी असतात आणि आपण मागे पडू नये म्हणून ओरडतो. पेटीवाल्या दादांना सुरुवातीलाच सांग, "माझी पट्टी अमुक आहे, माझ्या अभंगाला बदलून द्या." नम्रपणे सांग, पण सांग. ते ऐकतात. पहाटेचा खर्ज सोडू नकोस, मग जागर कितीही होऊ दे. आवाज दोन-तीन आठवडे मोकळा झालाच नाही तर काढे पुरे कर आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव.

पाकिटाचं बोलते, कारण घरी हे कुणी सांगत नाही. सप्ताहात, लग्नात पाकीट हातात येतं आणि आपण ते उघडत नाही. देवाचं काम, घरचं लग्न, कसं विचारायचं? आधी विचारायचं. तारीख ठरली त्याच दिवशी विचारायचं: बिदागी किती, येण्याजाण्याची गाडी कुणाची, रात्री घरी कोण सोडणार, साथीदारांचं वेगळं की त्यातच. इसार घेतल्याशिवाय तारीख पक्की धरू नकोस. रात्रीच्या कार्यक्रमाला तुझ्यासोबत घरचं माणूस येणार, हे पहिल्याच फोनवर सांग. ज्याला ते चालत नाही त्याचा कार्यक्रम आपल्याला नको. साथीदाराचे पैसे त्याच रात्री त्याच्या हातात दे. तबलजी टिकला तर तू टिकशील.

माझी एक चूक सांगते, ती तू करू नकोस. मी तेवीस वर्षांची होते. एका ध्वनिमुद्रणवाल्याने मला सहा भक्तिगीतं गायला बोलावलं. दोन चाली माझ्याच होत्या. काम संपल्यावर त्याने पंधराशे रुपये आणि एक छापील कागद पुढे केला. मी सही केली, वाचलं नाही. पुढे ती गाणी मंदिरांच्या भोंग्यांवर वाजायला लागली. एकदा बसस्टँडवर माझाच आवाज ऐकत मी उभी होते आणि माझ्या पर्समध्ये तिकिटापुरते पैसे होते. कागदावर चाल रचणारीच्या जागी दुसऱ्याचं नाव होतं. मला अजून त्याचं दुःख होतं.

आता दिवस थोडे बरे आहेत. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, गीतकार आणि संगीतकाराच्या रॉयल्टीचा वाटा त्यांना सहीने सोडून देता येऊ नये अशी तरतूद आली, रॉयल्टीत गायकाचाही हक्क मानला गेला. गीतकार-संगीतकारांची संस्था आयपीआरएस १९६९ पासून आहे, गायकांची इसरा २०१३ मध्ये झाली. तुला यूट्यूब चॅनेलवाले विचारतात म्हणालीस. सही करण्याआधी कागद घरी आण, वाचू, मग ठरवू. जनाबाईंच्या अभंगावर कुणाची मालकी नाही, पण तू त्याला लावलेली नवी चाल तुझी आहे. चाल सुचली की त्याच दिवशी फोनवर ध्वनिमुद्रित कर आणि स्वतःलाच पाठवून ठेव, म्हणजे तारीख राहते.

मुंबईच्या स्पर्धेचं विचारलंस. जा, नक्की जा, देवगिरी एक्सप्रेसने रात्री बसलीस की सकाळी तिथे. फक्त कर्ज काढून जाऊ नकोस आणि एकाच गाण्यावर जाऊ नकोस. निवड झाली नाही तर दुसऱ्या दिवशी शिकवणीची पोरं दारात उभी असली पाहिजेत. ज्या मुली टिकल्या त्या परत आल्यावर दुसऱ्या दिवशी रियाजाला बसल्या होत्या, हे मी बघितलं आहे.

आईला माझा निरोप दे. सांग, की वर्षभर हिचा जमाखर्च आपण तिघी मिळून लिहू: कुठून किती आले, पेटीच्या दुरुस्तीला किती गेले, गाडीभाडं किती, परीक्षेची फी किती. दर महिन्याच्या शेवटी त्यांनी वही बघावी. वर्षाने त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच हातात असेल, मला द्यावं लागणार नाही.

रविवारी सकाळी सहाला ये. तंबोरा माझ्याकडे आहे. दोनशे पानी वही तेवढी घेऊन ये.