मोठी अलॉय चाके : शोभा किती, तोटा किती?

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांमध्ये उंच बांध्याच्या, म्हणजे एसयूव्ही प्रकारच्या गाड्या घेण्याचा कल वाढला आहे. मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजीचा व्यापारी त्याच गाडीतून कुटुंबाला नेतो आणि वेळ पडल्यास कापडाची चार-सहा थानेही टाकतो. चांगली सवारी ही अल्लाहची नेमत आहे, तिच्यात गैर काही नाही. परंतु शोरूममध्ये गाडी पसंत करताना नजर प्रथम मोठ्या, चकाकणाऱ्या अलॉय चाकांवर जाते, आणि त्यासाठी जास्तीचे पैसे मोजले जातात. या चाकांमुळे पदरात काय पडते आणि पदरचे काय जाते, याचा हिशोब आज समजून घेऊ.

टायरवरचे आकडे

थान घेताना आपण पन्हा, काउंट आणि वजन विचारल्याशिवाय सौदा करीत नाही. टायरच्या बाजूवरही अशीच माहिती छापलेली असते. उदाहरणार्थ, २३५/६५ आर १७. यात २३५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १५३ मिलिमीटर. १७ हा रिमचा इंचातील व्यास.

आता त्याच गाडीला २० इंची रिम बसवायची झाली, तर चाकाची एकूण उंची तीच ठेवावी लागते. नाही तर चाक मडगार्डला घासेल. म्हणून टायर २५५/४५ आर २० असा घेतात. दोन्ही चाकांची एकूण उंची सुमारे ७३७ मिलिमीटरच आहे. पण टायरच्या भिंतीची उंची १५३ वरून ११५ वर आली. रिम ३ इंचांनी वाढली आणि रबराची भिंत दीड इंचाने घटली. सारा मामला या दीड इंचात आहे.

हवेची गादी घटते

रस्त्याचा पहिला धक्का सोसते ती टायरमधली हवा आणि लवचिक भिंत. स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर यांची पाळी नंतर येते. भिंत आखूड झाली की ही गादी पातळ होते. खड्ड्याच्या धारदार कडेवर चाक आदळले की टायर रिमपर्यंत दबतो आणि भिंतीतले धागे तुटतात. मग बाजूला फुगा येतो. असा टायर पंक्चरसारखा दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. फुगा घेऊन महामार्गावर वेगाने जाणे म्हणजे जीव धोक्यात घालणे आहे.

रिमचेही तसेच. लोखंडी रिम बहुधा वाकते आणि अनेकदा ठोकून सरळ करता येते. अलॉय रिम ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते; जोराच्या माराने तिला तडा जाऊ शकतो. तडा वेल्डिंगने बुजवला तरी त्या उष्णतेने आसपासचा धातू कमजोर होतो. पावसाळ्यात पाण्याखाली झाकलेल्या खड्ड्यांच्या आपल्या रस्त्यांवर ही बाब लहान नाही.

वजन आणि ब्रेक

अलॉय चाक हलके असते असे सांगितले जाते. एकाच मापाच्या लोखंडी व अलॉय चाकांची तुलना केली तर ते बहुधा खरेही आहे. पण रिम मोठी आणि टायर रुंद झाला की हा फायदा पुष्कळदा संपतो आणि चाक उलट जड होते. शिवाय वजन मध्यापासून दूर, बाहेरच्या कडेकडे सरकते. असे चाक फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो आणि थांबवायला ब्रेकला. डिझेल जास्त जाते. जड चाक खड्ड्यात उसळले की त्याचा भार बुश, बेअरिंग आणि स्टिअरिंगच्या सांध्यांवर पडतो.

न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगितले पाहिजे की मोठ्या रिममध्ये मोठा ब्रेक बसवता येतो आणि आखूड भिंतीच्या टायरमुळे वळणावर गाडी कमी डोलते. गुळगुळीत रस्त्यावर वेगाने जाणाऱ्यास याचा उपयोग आहे. गल्लीबोळ आणि खड्डे रोजचे असलेल्या व्यापाऱ्यास तो फारसा नाही.

खर्चाचा हिशोब

मोठ्या मापाचा टायर सहसा महाग असतो आणि लहान गावातील दुकानात तो लगेच मिळेलच असे नाही. हिशोब समजण्यापुरते मानू या की लहान मापाचा टायर ९,००० रुपयांना आणि मोठ्या मापाचा १५,००० रुपयांना आहे. चार टायरांमागे फरक २४,००० रुपये. गाडी जवळ असेपर्यंत दोनदा टायर बदलले तर ४८,००० रुपये. हीच रक्कम धंद्यात सूत किंवा माल घेण्यास कामी आली असती.

स्टेपनीही पाहावी. पुष्कळ गाड्यांत चार चाके मोठी अलॉयची आणि स्टेपनी मात्र लहान व लोखंडी असते. ती केवळ कमी वेगाने दुकानापर्यंत पोहोचण्यासाठी असते. काही गाड्यांत स्टेपनीच नसते.

बाहेरून चाके बदलताना

काही बांधव साधी गाडी घेऊन बाजारातून मोठी चाके बसवतात. यात धोका अधिक. टायरवर मापापुढे भार सोसण्याचा अंक असतो. १०४ म्हणजे एका टायरवर ९०० किलो, १०० म्हणजे ८०० किलो. कमी अंकाचा टायर बसवून माणसे आणि माल भरला तर टायर तापून फुटू शकतो. चाकाची एकूण उंची वाढली तर मीटरही चुकतो : २३५/६५ आर १७ च्या जागी २५५/६० आर १८ घातला, तर गाडी मीटरच्या हिशोबापेक्षा सुमारे साडेतीन टक्के जास्त वेगाने धावते. रिम बाहेर आली की बेअरिंगवर ताण येतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यास बंदी आहे, आणि अपघातानंतर विमा कंपनी अशा बदलावर बोट ठेवू शकते.

खरेदीपूर्वी एवढे करा

१. एकाच गाडीच्या सर्व प्रकारांच्या टायरची मापे लिहून घ्या. इतर सोयी पुरेशा असतील तर लहान रिमचा प्रकार घ्या.
२. दोन्ही मापांच्या टायरचे भाव आपल्याच गावच्या दुकानात विचारा.
३. शोरूमजवळच्या चांगल्या रस्त्यावर नव्हे, तर आपल्या रोजच्या रस्त्यावर गाडी चालवून पाहा.
४. मोठी चाके आधीच असतील तर घाबरू नका. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेली हवा, टायर थंड असताना, महिन्यातून एकदा तरी तपासा. खड्डा दिसताच वेग कमी करा आणि टायरला फुगा आला आहे का, हे पाहत जा.

कुरआनाने इस्राफ आणि तब्जीर या दोन्हींपासून रोखले आहे. गरजेची गाडी घेणे हा इस्राफ नव्हे. परंतु ज्या वस्तूने सवारीचा आराम घटतो, खर्च वाढतो आणि घरच्यांच्या जिवाला धोका होतो, ती केवळ लोकांच्या नजरेत भरावी म्हणून घेणे व्यापाऱ्याच्या शहाणपणात बसत नाही. कापडाची परीक्षा आपण चमक पाहून नव्हे तर सूत पाहून करतो. तीच कसोटी चाकालाही लावावी.