हायड्राच्या धक्क्यावर

माझं समुद्राचं सगळं शिक्षण अलिबागचं. त्या भांडवलावर आम्ही चौघांनी ग्रीसमध्ये शिडाची बोट भाड्याने घेतली आणि पोरोसहून हायड्रा बेटाकडे निघालो. एकदा नाही, दोन उन्हाळे. त्यातून उरलेलं हे शहाणपण.

१. बाराच्या आत पोचा. पोरोसहून अंतर दोन-अडीच तासांचं, म्हणून आम्ही पहिल्या वर्षी जेवून-बिवून निघालो. बंदर घोड्याच्या नालेएवढंच म्हणायचं. चार वाजता तिथे बोटींच्या दोन रांगा लागलेल्या. आम्ही तिसऱ्या रांगेत. जमिनीवर जायचं तर दोन परक्या बोटींवरून, चपला हातात घेऊन. रीत अशी, की दुसऱ्याच्या बोटीवरून जाताना पुढच्या भागावरून जायचं. मागे त्यांचं जेवणखाण चालू असतं. हे आम्हाला एका जर्मन आजींच्या ताटाशेजारून गेल्यावर कळलं.

२. भरती-ओहोटी विसरा. आमच्याकडे कुलाबा किल्ल्यात पायी जायचं की होडीने, हे ओहोटी ठरवते. तिथे पाणी जेमतेम वीतभर चढतं-उतरतं, त्यामुळे दोर ताणून बांधले तरी चालतात. सांभाळायचं ते उत्तरेच्या वाऱ्याला, कारण बंदराचं तोंडच उत्तरेला. शिवाय वेगवान फेरीबोटी आल्या की त्यांच्या लाटांनी सगळी रांग डुलते. बोटीची मागची बाजू धक्क्यापासून हातभर दूर ठेवा. आमचा एक ओरखडा अनामत रकमेतून कापला गेला.

३. मोठी बॅग नको. गावात मोटारी नाहीत, स्कूटर नाहीत. सामान, सिमेंट, फ्रीजसुद्धा खेचरांच्या पाठीवर चढतो. चाकांच्या बॅगेला दगडी पायऱ्यांवर काही अर्थ नाही.

४. घरं बघताना पैसा कुठून आला ते विचारा. धक्क्याभोवतीचे करडे, चौकोनी वाडे इथल्या तांडेलांचे. नेपोलियनच्या काळात इंग्रजांची नाकेबंदी चुकवून धान्य पोचवण्यात त्यांनी बक्कळ कमावलं आणि 1821च्या स्वातंत्र्ययुद्धात तीच गलबतं लढाईत उतरवली. आरमारप्रमुख मियाउलिसही इथलाच. गायक लेनर्ड कोहेनने 1960मध्ये इथे घर घेतलं, त्याचे चाहते गल्ल्या शोधत फिरतात. मला वाडे जास्त आवडले. 'अमिग्दालोता' ही बदामाची मिठाई मात्र डब्यात घ्याच.

५. नांगराची घाई सकाळी भोवते. इथे नांगर समोर खोल पाण्यात टाकून मागे मागे येत धक्क्याला लागायचं. पन्नास-साठ मीटर साखळी सोडा आणि सरळ सोडा. समोरच्या धक्क्यावरच्या बोटींचे नांगरही याच तळावर असतात, त्यामुळे सकाळी कुणाची तरी साखळी कुणावर तरी आडवी असतेच. दुसऱ्या वर्षी ती आमची होती. नांगर वर आला तो शेजारच्या इटालियन बोटीची साखळी घेऊनच. ओढाओढ करून चालत नाही. त्या साखळीखालून एक दोर घालायचा, दोन्ही टोकं आपल्या बोटीला बांधायची, मग आपला नांगर थोडा खाली सोडून मोकळा करायचा आणि शेवटी दोराचं एक टोक सोडून द्यायचं. मला हे पाठ होतं, पण हात थरथरत होते. तो इटालियन दात घासत डेकवर आला, तोंडातला ब्रश न काढताच त्याने बोटाने दाखवलं, अजून थोडं खाली, अजून. साखळी सुटून धप्पकन पाण्यात गेली. त्याने चूळ भरली, हात केला आणि आत निघून गेला.