पावतीशिवाय दिलेले पैसे

लोकलमध्ये पकडले जाणारे सगळेच फुकटे नसतात. फुकटे असतात, आणि त्यांच्याविषयीही मला बोलायचं आहेच. पण डोंबिवलीहून फोर्टातल्या ऑफिसात जाता-येता पुलावर टीसींच्या भोवती उभी असलेली जी माणसं मी वर्षानुवर्षं बघते आहे, त्यांतल्या कितीतरी जणांच्या हातात तिकीट असतं. कुणाचं दुसऱ्या वर्गाचं, कुणाचं मुदत संपलेलं, कुणाचं बंद पडलेल्या फोनमध्ये अडकलेलं. यांतले बरेचसे मुंबईत नवखे असतात. त्यांना धड काही सांगता येत नाही आणि ट्रेन पकडायच्या घाईत त्यांच्यासाठी कुणी थांबतही नाही. माझ्या भाच्यावर ही वेळ आली, तेव्हा मी नियम मुळापासून वाचून काढले. ते सगळ्यांच्या उपयोगी पडतील म्हणून हे लिहिते आहे.

भाचा कराडकडचा. पदवी झाली आणि पहिल्या मुलाखतीसाठी आमच्याकडे उतरला. सकाळी रांगेत उभं राहून त्यानं सेकंडचं तिकीट काढलं, फलाटावर आला आणि गाडी लागल्यावर गर्दीनं बावरला. दारादारांत माणसं लोंबकळत होती. एका डब्याच्या दारात मात्र पाय ठेवायला जागा दिसली, तिथे तो चढला. तो फर्स्ट क्लास होता. गावाकडून आलेल्या मुलाला हे कळावं कसं? बाहेरून डबा तसाच, रंग तोच. दाराजवळचे तिरपे लाल-पिवळे पट्टे म्हणजे फर्स्ट क्लास, ही खूण आपल्याला इतकी सवयीची झालेली असते, की ती कुणाला सांगावी हे सुचतच नाही.

वाटेतल्या एका मोठ्या स्थानकावर काळा कोट घातलेला एक माणूस डब्यात शिरला. तिकीट बघितलं आणि "खाली उतर" म्हणाला. फलाटावर त्याला खांबाआड नेलं. "सेकंडचं तिकीट घेऊन फर्स्टमध्ये बसलास. केस होईल, कोर्टात उभं राहावं लागेल. मुलाखतीला चाललायस ना? पोलीस रेकॉर्ड झालं तर नोकरी कोण देणार?" मुलाचे हातपाय गार पडले. "दोनशे काढ आणि जा," असं ऐकल्यावर त्यानं दोनशे रुपये काढून दिले. कागद मिळाला नाही, त्यानं मागितलाही नाही. "आता चालेल ना?" एवढंच विचारलं. "जा, जा," उत्तर आलं. पोरगं पैसे भरले या समजुतीनं मागून आलेल्या गाडीच्या फर्स्ट क्लासमध्येच चढलं.

उतरल्यावर पुलावर तपासणी चालू होती. यावेळी समोर एक बाई होत्या. गणवेश, छातीवर नावाची पट्टी, हातात पावती छापणारं छोटं यंत्र. त्यानं सरळ सांगितलं, मघाशी पैसे भरले आहेत. त्यांनी पावती मागितली. पावती नव्हतीच. त्या ओरडल्या नाहीत, पण ऐकूनही घेतलं नाही, आणि घेणार तरी कसं? पावतीशिवाय दिलेल्या पैशांची नोंद रेल्वेच्या कुठल्याच कागदावर नसते. त्यानं मला फोन केला, "आत्या, मी पकडलो गेलोय." मी पैसे पाठवले, त्यानं भाड्यातला फरक आणि दंड भरला, पातळ कागदाची पावती घेतली आणि मुलाखतीला उशिरा पोचला. पहिला काळा कोटवाला खरा टीसी होता की तोतया, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या दिवशी भाच्याला एवढंच माहीत असतं की त्याच्या हातून गुन्हा झालेला नाही, तर ते दोनशे रुपये गेले नसते. रेल्वे कायदा १९८९ सालचा आहे आणि त्यात दोन गोष्टी अगदी वेगळ्या ठेवल्या आहेत. कलम १३८ योग्य तिकीट नसलेल्या प्रवाशासाठी आहे. अशा प्रवाशानं प्रवासाचं भाडं भरायचं, तिकीट खालच्या वर्गाचं असेल तर भाड्यातला फरक भरायचा, आणि त्यावर तेवढीच रक्कम किंवा २५० रुपये, यांतलं जे जास्त असेल ते द्यायचं. पावती घेतली की विषय तिथे संपतो. खटला नाही, रेकॉर्ड नाही. कलम १३७ मात्र फसवणुकीसाठी आहे. रेल्वेला बुडवण्याच्या हेतूनं प्रवास केला असं सिद्ध झालं, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घाबरलेल्या माणसाला १३८ च्या प्रसंगात १३७ ची भीती घालणं अगदी सोपं असतं. खांबाआड नेमकं तेच झालं.

म्हणून असं कुणी अडवलं तर जागच्या जागी उभं राहावं, खरं काय ते सांगावं आणि म्हणावं, "जो काही दंड असेल तो भरतो, पावती द्या." तपासनीस खरा असेल तर त्याला याची काहीच अडचण नसते. त्याची पट्टी वाचावी, ओळखपत्र दाखवा म्हणावं. मागायला संकोच वाटू देऊ नये, तो आपला हक्क आहे. फलाटाच्या टोकाला, जिन्याखाली, आडबाजूला चला म्हणाला तर स्टेशन मास्तरांच्या ऑफिसात जाऊया असं सांगावं. पैसे फोनवरून भरायचे असतील तर क्यूआर स्कॅन केल्यावर कुणाचं नाव येतं ते वाचावं. एखाद्या व्यक्तीचं नाव दिसलं तर पैसे पाठवू नयेत. पावती हातात पडली की तिच्यावरची तारीख, कुठून कुठे आणि रक्कम तिथेच उभं राहून तपासावी. काही खटकलं तर १३९ हा रेल्वेचा मदत क्रमांक आहे, रेलमदद अॅपवरही तक्रार करता येते.

पैसे जवळ नसतील तर? हा प्रश्न मुली फार विचारतात. दंड भरायला नकार दिला तर प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढे जाऊ शकतं, आणि तिथेही पैसे भरले नाहीत तर किमान दहा दिवस ते एक महिना कैदेची तरतूद आहे. तेव्हा घरी फोन करा, मित्रमैत्रिणींकडून मागून घ्या, पण हुज्जत घालत बसू नका. गाडीतून उतरवण्याचा अधिकार रेल्वेला आहे. मात्र बरोबर पुरुष प्रवासी नसलेल्या बाईला किंवा मुलाला वाटेल तिथे, वाटेल तेव्हा उतरवता येत नाही. कलम १३९ सांगतं, की जिथून प्रवास सुरू केला ते स्थानक, जंक्शन, शेवटचं स्थानक किंवा जिल्ह्याचं ठिकाण इथेच, आणि तेही दिवसा. ही तरतूद प्रत्येक मुलीला तोंडपाठ असली पाहिजे असं मला वाटतं. रात्री आडस्टेशनवर उतरवण्याची धमकी देऊन पैसे उकळता येतात ते फक्त तिला हे माहीत नसतं म्हणून.

आता फोनवरच्या तिकिटाचं. २०२५ पासून रेलवन या अॅपवर घरबसल्या तिकीट आणि पास निघतो. रांग वाचते, मी स्वतः तेच वापरते. पण त्याच्याही अटी आहेत. लोकलचं तिकीट काढल्यावर तासाभराच्या आत प्रवास सुरू करायचा असतो. तिकीट अॅपमध्येच दाखवावं लागतं, स्क्रीनशॉट चालत नाही. फोनची बॅटरी संपली तर कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही विनातिकीट आहात, मग महिन्याचा पास काढलेला असला तरीही. आमच्या ओळखीतल्या एका मुलीनं यापायी दंड भरला आणि वर्षभराचा पास खिशात असून दंड का, म्हणून रडली. तिचं दुःख खरं होतं, पण बंद फोनमधलं तिकीट बघणार कसं? ज्यांचा फोन संध्याकाळपर्यंत टिकत नाही त्यांनी सरळ खिडकीवरून छापील पास काढावा आणि त्याबरोबरचं ओळखपत्र जवळ ठेवावं, कारण ओळखपत्राशिवाय पास अपुरा धरला जातो. दुसऱ्याच्या पासावर तर मुळीच जाऊ नये. बहिणीचा पास आज घरी पडून आहे, तेवढा मी वापरते, हे ऐकायला निरुपद्रवी वाटतं, पण पास त्याच व्यक्तीचा असतो आणि तो दुसऱ्याला देण्या-घेण्यासाठी कायद्यात वेगळी शिक्षा आहे.

नवख्यांची आणखी दोन ठिकाणी फसगत होते. सेकंडचं तिकीट किंवा पास एसी लोकलमध्ये चालत नाही. दारं बंद झाल्यावर हे लक्षात आलं तर पुढच्या स्थानकापर्यंत उतरताही येत नाही. तेव्हा इंडिकेटरवर 'एसी' लिहिलं आहे का ते बघूनच चढावं. दुसरं, लोकलच्या तिकिटावर मेल-एक्स्प्रेसमध्ये चढता येत नाही. कल्याणला लांब पल्ल्याची गाडी उभी दिसते, ती दादरला लवकर नेईल म्हणून लोक चढतात, आणि आरक्षित डब्यात टीटीईच्या हाती सापडतात. तसंच वेटिंगचं. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगमध्ये राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. ते तिकीट घेऊन गाडीत बसणारा माणूस विनातिकीटच असतो. गणपतीत कोकणात जाणाऱ्या कितीतरी कुटुंबांना हे गाडीत बसल्यावर कळतं.

आणि आता फुकट्यांविषयी. मुंबईच्या लोकलचं सेकंडचं किमान भाडं पाच रुपये आहे. कटिंग चहाला त्याहून जास्त पडतात. रोज जाणाऱ्या-येणाऱ्याला मासिक पास तर त्याहूनही स्वस्त पडतो. फर्स्ट क्लासचं किमान भाडंही मे २०२२ मध्ये पन्नासवरून पंचवीसवर आलं. एवढ्या स्वस्त प्रवासात चोरी करण्याचं समर्थन मला कुठल्याही बाजूनं सापडत नाही. परवडत नाही म्हणून विनातिकीट जाणारी माणसं मला क्वचितच दिसली. दिसतात ती चांगल्या कपड्यांतली, पगारदार, डोळ्यांत बेफिकिरी असलेली. डब्यात टीसी दिसला की घाईनं फोन काढून तिकीट मिळवायची धडपड करणारी. कुणी तर फोनवर खोटे पास तयार करतात. तिथे प्रकरण अडीचशे रुपयांत मिटत नाही, ते बनावट दस्तऐवजाचं होतं आणि पोलिसांत जातं. ज्या मुलांना हे हुशारीचं वाटतं त्यांच्या आईबापांनी त्यांना वेळीच समजावलं पाहिजे.

याहून मला जास्त धास्ती वाटते ती पळणाऱ्यांची. पुलावर काळे कोट दिसले की काही मुलं फलाटाच्या टोकाकडे धावतात आणि रुळांवर उतरतात. एकदा माझ्यासमोर कॉलेजचा एक मुलगा असा उतरला. पाठीवर सॅक, कानात इअरफोन. पलीकडच्या मार्गावरून फास्ट येत होती. फलाटावरच्या बायका एकदम किंचाळल्या, तेव्हा तो थबकला आणि गाडी त्याच्या पुढून निघून गेली. मुंबईत रूळ ओलांडताना माणसं रोज मरतात. अडीचशे रुपये वाचवायला जीव पणाला लावण्याइतका तोट्याचा व्यवहार दुसरा नाही, आणि पकडलं गेल्याची लाजही तेवढी मोठी नसते. त्या पुलावर उभ्या असलेल्यांकडे आपण कोणी दोन सेकंदही बघत नाही.

टीसींशीही नीट बोलावं. शिवीगाळ, धक्काबुक्की, तोंडासमोर मोबाइल धरून चित्रीकरण, हे प्रकार हल्ली वाढलेले मी बघते. ती माणसं दिवसभर उभी असतात, त्यांतल्या बायका गर्दीच्या डब्यातून एकट्यानं तपासणी करतात. आपलं तिकीट बरोबर असेल तर ते दाखवायला दोन सेकंद लागतात. एखाद्यानं खरंच अन्याय केला, तर पावती आणि नावाची पट्टी या दोन गोष्टींवर लेखी तक्रार उभी राहते. आरडाओरड्यातून काही निघत नाही.

तुमच्या घरी गावाकडून कुणी शिकायला, नोकरीला, मुलाखतीला येणार असेल, तर पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर स्टेशनवर जा. लाल-पिवळे पट्टे दाखवा, लेडीज डबा दाखवा, एसी लोकल कशी ओळखायची ते दाखवा. फोनमध्ये अॅप टाकून एक तिकीट त्याच्याकडूनच काढून घ्या. कुणी अडवलं तर पळायचं नाही, आणि पावती घेतल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही, हे त्याला जाण्याआधी सांगा.