नोटरीच्या कागदावर हक्क सुटतो का?

प्रश्न : नागपूरच्या मिहान प्रकल्पासाठी आमची शेती गेली. त्या बदल्यात मिळालेला पुनर्वसनाचा भूखंड वडिलांच्या नावे आहे. ते मृत्युपत्र न करता वारले. माझं लग्न 1998 मध्ये झालं, म्हणून माझा हिस्सा नाही, असं भाऊ म्हणतो. नोटरीसमोर हक्कसोडीवर सही मागतो. करू का?
– एक वाचक, खापरी

उत्तर : ताई, सध्या सही करू नका. लग्नामुळे हिस्सा जात नाही. भूखंड वडिलांची स्वतःची मिळकत ठरला, तर आई, भाऊ आणि तुम्ही समान वारस. मूळ शेती वडिलोपार्जित असली, तरी मुलीचा हक्क जन्मतःच असतो. हिंदू वारसा कायद्यातली 2005 ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा 11 ऑगस्ट 2020 चा निकाल तेच सांगतात.

हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. नुसत्या नोटरीने हक्क सुटत नाही. पण असा कागद पुढे तुमची संमती म्हणून दाखवला जातो, आणि मग वर्षानुवर्षं कोर्टाच्या चकरा.

मजकूर नीट वाचा. ‘सर्व स्थावर-जंगम व येणारी रक्कम’ असे शब्द असतील, तर भूखंडासोबत वाढीव मोबदलाही हातचा जाईल. शेतीच्या वाढीव मोबदल्याचा दावा चालू असेल, तर वारस म्हणून तुमचं नाव तिथे लावून घ्या. भूखंड वाटपपत्राची प्रतही मागा. हस्तांतराच्या अटी त्यातच असतात.

वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर नागपूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. भावाशी बोलणं मात्र तोडू नका. आपसात ठरलं, तर नोंदणीकृत वाटणीपत्र करता येतं.