चिंचोके, फुलपात्र आणि अंगण : शाळेपूर्वीचे शिक्षण घरी कसे व्हावे?



इयत्ता पहिलीत नव्याने आलेले मूल पुष्कळदा एकपासून पन्नासपर्यंतचे अंक न अडखळता म्हणून दाखवते. परंतु समोरच्या राशीतून ‘सात खडे दे’ असे सांगितले, की ते हाताला लागतील तेवढे खडे उचलून देते. अंकांची नावे त्याला पाठ झालेली असतात. संख्येची ओळख झालेली नसते. ही उणीव वेळीच भरून निघाली नाही, तर पुढे हातच्याची बेरीज आणि वजाबाकी त्याला अनाकलनीय वाटू लागते, आणि तिसरीत पोहोचेपर्यंत ते वर्गात बसूनही वर्गाबाहेर पडते. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलास समजून वाचता यावे व पायाभूत गणित यावे, असे उद्दिष्ट ठरविले. त्याची खरी पूर्वतयारी तीन ते सहा या वयात, बहुतांशी घरीच होत असते. घरात पुस्तक नसले आणि आईला अक्षरओळख नसली, तरीही ती होऊ शकते. ती कशी करावी हे आईवडिलांना समजावून देणे आपले काम आहे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. माँटेसरी पद्धतीची तत्त्वे त्यांना मान्य होती; पण तिची महाग साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, बिया, पाने, काड्या व खडे यांतून त्यांनी साधने तयार केली. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीतील अंगणात नेली. पुढील खेळ त्याच धोरणाने सुचविले आहेत.

१. वेगळे करणे. हरभरे, वाल आणि चिंचोके एका सुपात मिसळून द्यावेत व मुलाला तीन वाट्यांत निवडून ठेवण्यास सांगावे. हे जमल्यावर ‘आता लहान-मोठे वेगळे कर’ असे सांगावे. त्याच वस्तू रंगाने एका गटात आणि आकाराने दुसऱ्या गटात जातात, हे मुलाच्या ध्यानी येते. पुढे अक्षरांच्या आकारांतील सूक्ष्म भेद ओळखण्यास ही नजर उपयोगी पडते.

२. मुठीत किती? पाच चिंचोके जमिनीवर ठेवून मुलाकडून एकेकाला बोट लावून मोजून घ्यावेत. मग त्यांतील काही आईने मुठीत लपवावेत आणि उरलेले पाहून ‘माझ्या मुठीत किती?’ असे विचारावे. उत्तर चुकले तरी रागावू नये. मूठ उघडावी आणि मुलालाच मोजू द्यावे. पाच जमले की सात, मग दहा घ्यावेत. सातातून तीन लपले तर चार उरतात, हा अनुभव हाताला आला की वजाबाकी शिकविणे सोपे जाते. चिंचोके फोडून त्यांच्या फाका केल्या, तर पाच फाका टाकून ‘पांढऱ्या किती, काळ्या किती’ हाही खेळ होतो. प्रत्येक दानात पाचाची एखादी फोड आपोआप पुढे येते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाच-पाच चिंचोक्यांच्या दोन ओळी करून एक ओळ लांब पसरली, तर चार-पाच वर्षांचे मूल बहुधा ‘या लांब ओळीत जास्त आहेत’ असे सांगते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी या वयाच्या विचाराचे हे लक्षण दाखवून दिले आहे. त्यास मंदबुद्धी समजू नये आणि उत्तर घोकूनही घेऊ नये. पुनःपुन्हा मांडण्या-मोडण्यातून समज येते.

३. माप घेणे. ‘हा तांब्या किती फुलपात्रांनी भरेल?’ असे विचारून आधी अंदाज सांगू द्यावा, मग भरून पाहावे. उभट आणि पसरट अशी दोन भांडी घेतल्यास खेळात अधिक रंगत येते. जेथे पाण्याची टंचाई आहे तेथे कोरडी वाळू घ्यावी.

४. हाताची तयारी. मनगटातील लहान हाडे जन्मतः कूर्चेची असतात आणि वर्षावर्षाने पक्की होतात. सहाव्या वर्षीही हे काम पूर्ण झालेले नसते. म्हणून चार वर्षांच्या मुलाकडून पाटीभर अक्षरे गिरवून घेणे अनुचित होय. शेंगा सोलणे, कणकेचे गोळे वळणे, गवताच्या काडीत फुले ओवणे, ओल्या मातीवर बोटाने रेघा काढणे, यांनी बोटांत बळ येते व पुढे पेन्सिल नीट धरता येते.

५. बोलणे आणि ऐकणे. स्वयंपाक करताना आईने कोडी घालावीत. ‘पाण्यासारखा प-ने सुरू होणारा आणखी एक शब्द सांग’ असे विचारावे. हे सारे घरच्याच बोलीत व्हावे, मग ती अहिराणी असो, मालवणी असो, वारली असो की कोरकू. शब्दातील ध्वनी वेगळा ऐकू येणे ही वाचनाची पहिली पायरी आहे.

सावधगिरी. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती सुटे दाणे देऊ नयेत. ती ते तोंडात, नाकात वा कानात घालतात. मोठ्या मुलांच्या खेळातही घरचे माणूस जवळ असावे. गुंजा, एरंडाच्या व धोतऱ्याच्या बिया विषारी आहेत. त्या मोजण्यासाठी कदापि वापरू नयेत. पाणी भरलेल्या बादलीजवळ मूल एकटे सोडू नये.

आपण काय करावे? पुढील पालकसभेत भाषण न करता सूप आणि चिंचोके मांडावेत व एखाद्या मातेलाच ‘मुठीत किती’ हा खेळ आपल्या मुलासह करून दाखविण्यास विनंती करावी. ‘मी अडाणी, मी काय शिकविणार?’ असे म्हणणारी माता रोज धान्य पाखडते, मापाने पीठ काढते, बाजारात हिशेब करते. हेच शिक्षण मुलाला द्यावयाचे आहे, असे तिला आदराने सांगावे. वडिलांनाही बोलवावे, बैलाचे दोर वळताना वा भाजीच्या जुड्या बांधताना त्यांना मुलाला जवळ घेता येईल. दिवसातून पाव तास पुरे. मूल कंटाळले की खेळ थांबवावा.

ज्या गावांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीला जातात, तेथील शिक्षकांनी निघण्यापूर्वी प्रत्येक लहान मुलाजवळ वीस चिंचोक्यांची एक लहानशी पिशवी द्यावी आणि दोन खेळ आईकडून करवून घ्यावेत. तोडीच्या कोपीवर पाटी-पुस्तक टिकेलच असे नाही; चिंचोके टिकतात, आणि हरवले तरी पुन्हा मिळतात. मूल परत आल्यावर प्रथम हजेरीपटाचा विषय न काढता त्याला समोर बसवावे व ‘सात दे’ असे म्हणावे. त्याने एकेक मोजून सात दिले, तर पुढचा पाठ तेथूनच सुरू करावा.