बागेंतील बिनतारी यंत्र मुकें कां होतें? लिथियम सेलची परीक्षा

पिंपळगांव बसवंत व सबंध निफाड तालुक्यांतील द्राक्षबागांत खांबावर बसविलेलीं बिनतारी हवामानयंत्रें आतां ठिकठिकाणीं दिसूं लागलीं आहेत. पान किती तास ओलें राहिलें, हवेंत दमटपणा किती आहे, मुळांपाशीं वाफसा आहे कीं नाहीं, हें मोजून यंत्र तें मोबाईलवर कळवितें. डावणी, म्हणजे केवडा, हा रोग पानावर पाणी राहिल्यावांचून आंत शिरत नाहीं. म्हणून पानाच्या ओलीची नोंद हा फवारणीचा अर्धा निर्णयच होय. परंतु यांत एक मोठी खोंच आहे. यंत्राचा सेल उतरतो तो बहुधा ढगाळ दिवसांत, आणि रोगाचें भयही त्याच दिवसांत. ज्या रात्रीं खबर हवी त्याच रात्रीं यंत्र मुकें!

गेल्या गोडी छाटणीनंतर आमच्या बागेंत असेंच झालें. तीन रात्री यंत्राकडून कांहीं आलें नाहीं. मोबाईलवर शेवटची नोंद कोरड्या पानाची होती. तीच ताजी समजून आम्हीं फवारा लांबविला. आठवड्यानें पानांवर तेलकट डाग दिसले व पुढें कांहीं घडही गेले. दोष सेलचा, असें ठरवून ९९०० असा आंकडा छापलेला नवा सेल विकत आणला. दोन दिवसांत यंत्र पुन्हां बंद! अखेर मीटर लावून पाहिलें, तेव्हां सेल धरणाऱ्या स्प्रिंगेवर हिरवा गंज चढलेला आढळला. जुना सेल धडधाकट होता.

आम्ही यंत्रशास्त्रज्ञ नव्हों. आमचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें. तथापि या अनुभवावरून जो क्रम आम्हीं बसविला, तो इतर बागाइतदारांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों. त्याचें सार एकच: सेल बदलण्यापूर्वीं तो मोजावा, आणि यंत्र काम करीत असतांना मोजावा.

१. सेलची जात ओळखणें. लिथियम ही सर्व धातूंत हलकी धातु. तिचे पुन्हां भरतां येणारे लिथियम-आयन सेल १९९१ सालीं जपानांत प्रथम बाजारांत आले. या कामाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. शेतांतील यंत्रांत मुख्यतः तीन जाती आढळतात. पहिला लिथियम-आयन: नांवाचा दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२, आणि ३ च्या सुमारास रिता समजावा. दुसरा लिथियम-लोह-फॉस्फेट: नांवाचा दाब ३.२, याचा दाब बराच काळ एकाच पातळीवर राहत असल्यामुळें नुसत्या आंकड्यावरून तो किती भरलेला आहे तें कळत नाहीं. तिसरा लिथियम-थायोनिल-क्लोराईड: दाब ३.६, हा एकदांच वापरावयाचा, त्यास चार्जर कदापि लावूं नये. तिघांचे आकार सारखे असूं शकतात. यास्तव आकार पाहून नव्हे, तर वेष्टनावरील अक्षरें वाचून सेल घालावा. घड्याळांत घालतात त्या दीड व्होल्टाच्या पेन्सिल सेलच्या आकाराचाही लिथियम सेल मिळतो. त्याच्या जागीं हा घातल्यास यंत्र जळूं शकतें.

२. मीटरची परीक्षा. साधें मल्टिमीटर पुरेसें आहे. तें व्होल्टच्या खुणेवर आहे याची खात्री करावी. अँपिअरच्या भोकांत तार ठेवून सेलला लावल्यास सेल शॉर्ट होतो. प्रथम सेल पूर्ण भरून तासभर स्वस्थ ठेवावा, मग यंत्रांत बसवावा. यंत्र निजलेलें असतांना जवळजवळ सर्वच सेल चांगले दिसतात. बैलाची परीक्षा गोठ्यांत होत नाहीं, गाडीला जुंपल्यावर होते. यंत्र खबर पाठवितें त्या कांहीं क्षणांत वीज एकदम ओढली जाते. त्याच वेळीं दोन ठिकाणीं मोजावें, एकदां सेलच्या दोन टोंकांवर व एकदां यंत्राच्या पाटीवर जेथें तारा पोहोंचतात तेथें. मीटरास सर्वांत कमी आंकडा धरून ठेवण्याची कळ असल्यास ती वापरावी, कारण ही घसरण क्षणाची असते.

याचे अर्थ तीन. सेलच्या टोंकांवरच दाब फार घसरला, तर सेल म्हातारा झाला. सेलवर दाब टिकला पण पाटीवर घसरला, तर दोष मधल्या स्प्रिंगेचा, तारेचा किंवा सांध्याचा. दोन्ही ठिकाणीं टिकला, तर सेलला बोल लावूं नये. सिम, अँटेना किंवा रेंज तपासावी. मीटरवर शून्य आलें तरी घाबरूं नये. कांहीं सेलांतील रक्षक मंडल वीज तोडतें व योग्य चार्जर लावल्यावर पुन्हां जोडतें. थायोनिल सेल फार दिवस पडून राहिल्यास त्याच्या आंत पातळ पापुद्रा धरतो व सुरुवातीस दाब खालीं जातो; थोड्या वापरानें तो पूर्ववत् येतो.

३. गंज. बोर्डो मिश्रणांत मोरचूद व चुना असतो, गंधकाची फवारणीही वारंवार होते. हे तुषार पेटीच्या फटींतून आंत गेले कीं टोंकें हिरवीं पडतात. सेल काढून टोंकें कोरड्या ब्रशानें व आयसोप्रोपिल अल्कोहोलानें पुसावीं, वाळूं द्यावीं. पेटीचें रबर फाटलेलें असल्यास बदलावें व तारेचें भोंक खालच्या बाजूस ठेवावें.

४. ऊन आणि खर्च. छाटणीच्या दिवशीं उघडें असलेलें सोलर पॅनल दोन महिन्यांत वेलीच्या पानांआड जातें. पॅनलाचे तुकडे एकामागें एक जोडलेले असल्यानें एका पानाची सावलीही सबंध उत्पन्न पुष्कळ घटविते. पॅनल मांडवाच्या वर, दक्षिणेस तोंड करून, सुमारें २० अंशांच्या उतारानें बसवावें व फवाऱ्याचा थर पाण्यानें धुवावा.

खर्चाचा हिशेब उदाहरणानें सांगतों. यंत्र तासांतून एकदां ३० सेकंद खबर पाठवितें व तेवढ्यांत २०० मिलिअँपिअर ओढतें असें धरल्यास दिवसाचा खर्च ४० मिलिअँपिअर-तास झाला. २६०० चा सेल उन्हाशिवाय दोन महिने पुरेल. परंतु रेंज मिळत नाहीं म्हणून तेंच यंत्र प्रत्येक वेळीं ३ मिनिटें धडपडलें, तर खर्च २४० वर जातो व सेल अकरा दिवसांतच संपतो. अशा ठिकाणीं सेल मोठा करण्यापेक्षां अँटेना उंच करणें स्वस्त पडतें.

५. खरेदी. १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब अशा सेलची खरी कुवत सुमारें ३५०० मिलिअँपिअर-तासांपलीकडे जात नाहीं. त्यावर ९९०० छापलेले असल्यास तें खोटें समजावें. खरा सेल सुमारें ४५ ग्रॅम भरतो. हलका लागल्यास घेऊं नये. जुना व नवा सेल एकत्र जोडूं नये.

६. सावधगिरी. लिथियम-आयन सेल ० ते ४५ अंशांच्या दरम्यानच भरावा. म्हणून पेटी पांढरी व सावलीची असावी. बागेंत शेकोटी करितांना पेटी दूर ठेवावी. फुगलेला, चेपलेला किंवा तापणारा सेल पुन्हां वापरूं नये, भोसकूं नये व छाटणीच्या काड्यांबरोबर जाळूं नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांन्वयें जुने सेल परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विक्रेत्याकडे ते परत द्यावे.

शेवटीं एक सूचना. यंत्राच्या पेटीजवळ एक लहान वही ठेवावी व दर पंधरवड्यास तारीख, निजलेल्या वेळचा दाब, खबर पाठवितांनाचा दाब व पुसणीचा शेरा असे चार रकाने भरावे. दाब कोणत्या महिन्यापासून उतरूं लागला हें वही सांगते, आणि सेल मरण्यापूर्वीं बदलतां येतो. रोज संध्याकाळीं मोबाईलवरील शेवटच्या नोंदीची वेळही पाहावी. ती जुनी असल्यास स्वतः पहाटे बागेंत जाऊन पानाला हात लावावा. खबर न येणें म्हणजे ओल नसणें नव्हे, हें आम्ही घड गमावून शिकलों. वाचकांनीं तें फुकट शिकावें.